तिसरा सिलिंडर मिसिंग, कॉम्प्रेशन ९५. हेड उतरवण्याआधी काय तपासावं?

प्रश्न
चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सीएनजी किटसह. आयडलिंगला गाडी मिसिंग मारते (एक सिलिंडर नीट पेट घेत नाही), २५०० आरपीएमच्या वर बरीच सुरळीत चालते. स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहिले, कोड तिसऱ्यावरच. कॉम्प्रेशन १७५, १७०, ९५, १७५ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १००. वॉल्व्ह गेला असं धरून हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवू का?

उत्तर १
ऑइल टाकून फक्त ५ वाढले, म्हणजे पिस्टनच्या रिंगवरचा संशय गेला. रिंगची गळती असती तर आकडा बराच चढला असता. शेजारचे दुसरा आणि चौथा भक्कम आहेत, त्यामुळे दोन सिलिंडरमधली गॅस्केट फुटल्याची शक्यताही कमी. आयडलला त्रास आणि वर सुरळीत, हेही वॉल्व्हकडेच बोट दाखवतं: वेग वाढला की प्रत्येक स्ट्रोकला गळायला वेळच कमी मिळतो.

एक खात्री करा. टेस्टच्या वेळी इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचे सॉकेट काढलेले आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला होता ना?

उत्तर २
हेडला हात लावण्याआधी टॅपेट बघा! सीएनजीवर वॉल्व्ह सीट (वॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडी) लवकर झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा क्लिअरन्स (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) खाल्ला जातो. मग वॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. एक्झॉस्ट वॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून बाहेर जाते. बसला नाही की कड जळते. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावा. बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टचं माप ०.२५ ते ०.३५ मिमी असतं, पण आपल्या मॅन्युअलमधलंच धरा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा भाग सोडून द्या.

प्रश्नकर्ता
टेस्ट तशीच घेतली होती. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला ०.०५ मिमीची पातीही जात नव्हती. सेट केलं, कॉम्प्रेशन ११० वर आलं, पण मिसिंग आहेच.

उत्तर १
मग कड जळलेली असणार. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं) करून पक्कं करा. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा. त्याचे दोन्ही टॅपेट सैल लागले पाहिजेत. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि क्रँकवर पाना ठेवून हवा सोडू नका, इंजिन फिरलं तर हात मोडेल. ८० ते १०० पीएसआय हवा द्या आणि कान लावा. सायलेन्सरमधून सू-सू आलं तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आलं तर इनटेक, ऑइल फिलरमधून जास्त आलं तर रिंग, कूलंटमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट.

इथे बरेच जण फसतात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर या क्षणी चौथ्याचा इनटेक आणि पहिल्याचा एक्झॉस्ट अजून उघडे असतात. इनटेक गळत असेल तर हवा मॅनिफोल्डमधून फिरून चौथ्याच्या प्लगच्या भोकातून येते आणि गॅस्केट फुटली असं वाटतं. तुमच्या चौथ्याचं कॉम्प्रेशन १७५ आहे, तिथून हवा आली तरी गॅस्केटला दोष देऊ नका.

बोरस्कोप (प्लगच्या भोकातून आत घालायचा छोटा कॅमेरा) मिळाला तर एक्झॉस्ट वॉल्व्हची कड पाहा. चांगल्या वॉल्व्हची कड सगळीकडे सारखी दिसते. जळलेल्याला एका जागी चावा घेतल्यासारखी खाच असते.

प्रश्नकर्ता
सायलेन्सरमधूनच आवाज, आणि पहिल्या प्लगच्या भोकातूनही. तोवर गाडी चालवली तर?

उत्तर २
नको. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर अजिबात नको.

उत्तर ३
हेड उतरवल्यावर एकच वॉल्व्ह बदलून पेस्टने घासून बसवायचा प्रस्ताव येईल. खाच पडलेला वॉल्व्ह घासून सुधारत नाही, आणि सीट जळलेली असेल तर नवा वॉल्व्हही टिकणार नाही. सीट कापून घ्या, गाइडमध्ये (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) वॉल्व्ह हलवून खेळ तपासा, कारण सैल गाइडमुळे वॉल्व्ह तिरका बसतो. बाकीचे एक्झॉस्ट वॉल्व्हही त्याच वेळी पाहून घ्या. वॉल्व्ह सील आणि गॅस्केट नवीनच. हेडचे बोल्ट घट्ट करताना ताणले जाणारे असतील तर तेही. हेडचा फेस (गॅस्केटवर बसणारा सपाट भाग) सरळपट्टी लावून तपासा. जोडण्याआधी पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. सीटभोवती ओल दिसली तर हेड परत टेबलावर.

आणि टॅपेट शेवटी थंड इंजिनवर पुन्हा सेट करा. सीट कापल्यावर आधीचं माप उरत नाही.