रविवारी टाकी धुणार, मग जेवायचं कुठं?

*शनिवार, रात्री ८:१२*

वानखेडे सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बंद. सर्वांनी सहकार्य करावे 🙏

वर्षा बी-३०४: साहेब, हे आता रात्री आठ वाजता सांगून राहिले तुम्ही? माझी नणंद आलीय पुण्याहून नागपूरला, घरात सात माणसं. स्वयंपाक करीन मी, पण भांडी कशानं घासू?

वानखेडे सेक्रेटरी: बुधवारपासून बोर्डावर नोटीस आहे ताई.

राहुल बी-४०२: बोर्ड म्हणजे तोच ना, ज्याच्यासमोर साहेबांची गाडी उभी असते?

वानखेडे सेक्रेटरी: पार्किंगचा विषय मिटलेला आहे.

राहुल बी-४०२: तुमच्यापुरता.

वर्षा बी-३०४: ते राहू द्या न बाप्पा. कोणी सांगा, एवढ्या जणांना स्वस्तात कुठं नेऊ? मागच्या रविवारी त्या रिंग रोडवरच्या नवीन ठिकाणी गेलो चौघं. लाईट इतके मंद की पनीर कोणतं न टमाटर कोणतं कळेना. २,४०० चं खाणं, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्याच्याही वर जीएसटी. २,७७२ झाले. घरी येऊन ह्यांनी दहीभात खाल्ला.

मोहोड काकाजी ए-१०१: वर्षा, सर्व्हिस चार्ज द्यायचाच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितले आहे, बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते योग्य ठरवले. तक्रार १९१५ वर करावी.

वर्षा बी-३०४: हो काकाजी. पण उद्याचं काय?

राहुल बी-४०२: सकाळचं माझ्यावर सोडा वहिनी. जयप्रकाश नगरातून मेट्रोत बसा, गाडी बदलायची नाही, थेट कस्तुरचंद पार्क. तर्री पोहे. पोट्ट्यांची मेट्रोही होऊन जाते. फक्त साडेनवाच्या आत पोचा, उशीर केला की तळाचे पोहे हाती येतात. आणि आधीच सांगायचं, तर्री अलग दे. तो एकदम वरून ओततो न, पोह्याचा लगदा होतो. अर्धी टाकायची, चणे दाताखाली येऊ द्यायचे, कच्चा कांदा, लिंबू, मग उरलेली.

वर्षा बी-३०४: पुण्याचे आहेत भाऊ. तिखट झेपत नाही त्यांना.

शुभांगी सी-१०३: पुण्याचे म्हणे! माझ्या जाऊबाईंच्या पाहुण्यांना सांबारवडी दिली तर ते वाटी शोधून राहिले, सांबार कुठंय म्हणून. वडी फोडून आत पाहिलं. शेवटी सांगावं लागलं, आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.

राहुल बी-४०२: 😂 दुपारी महाल भागात सावजी जेवण. विषय संपला.

जोशी काकू ए-२०१: विषय कसा संपला? गच्चीवर हाडं कोणी टाकली ते अजून कळलं नाही. लिफ्टमध्ये तीन दिवस वास होता.

राहुल बी-४०२: काकू, सावजीत पाटोडी रस्साही मिळतो. चण्याच्या पिठाची पाटोडी. हाडं नसतात.

जोशी काकू ए-२०१: पळी तीच असते.

शुभांगी सी-१०३: काकू, माझं माहेर गोळीबार चौकातलं, म्हणून सांगते. हे कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. आमच्या शेजारी जवसाच्या तेलात व्हायचं, मसाला भाजून पाट्यावर वाटायचे. रस्सा काळपट दिसायचा. आता बरेच जण नुसतं तिखट टाकून लाल करतात. लालभडक दिसला की मी उठते. आणि दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यावर पैसे लावले, तर तिथं परत जात नाही.

मोहोड काकाजी ए-१०१: पुन्हा सांगतो, सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. १९१५.

जोशी काकू ए-२०१: बाहेरच्यांचं सोडा. कोजागिरीला ४५० रुपये ताट घेतलं आपल्याकडून, वडाभातात वडे दोन. तेही मोजून. हिशोब कुठंय?

वानखेडे सेक्रेटरी: हिशोब सर्वसाधारण सभेत मांडला.

राहुल बी-४०२: ती सभा पावसामुळे झालीच नाही साहेब.

वानखेडे सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे. उद्या ९ ते ४ पाणी बंद. सहकार्य करावे 🙏

शुभांगी सी-१०३: वर्षा, ऐक. पोहे खाऊन तिथूनच ऑटोनं सदर. इंडियन कॉफी हाऊस. इडली, डोसा, कटलेट. कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे, ताटाला नटवून भाव वाढवत नाहीत. पगडीवाले वेटर पाहून मुलं खूष. एकच डोसा दोघांत घेतला तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

वर्षा बी-३०४: हे बरं झालं. सासूबाई घरीच राहतो म्हणतात, त्यांच्यासाठी पार्सल आणीन.

मोहोड काकाजी ए-१०१: पार्सलवर तर सर्व्हिस चार्जचा प्रश्नच येत नाही.

*रविवार, दुपारी १:४०*

वर्षा बी-३०४: आलो बाई. पोहे सात प्लेट, पार्सल धरून, २८० रुपये. नणंदेच्या मिस्टरांनी तर्री दोनदा मागितली, आता पंख्याखाली बसून घाम पुसून राहिले, पण उद्या परत जाऊ म्हणतात. कॉफी हाऊसमध्ये पोट्ट्यांनी तीन-तीन कटलेट खाल्ले. सगळं मिळून त्या एका बिलाच्या निम्मेही नाही लागले. राहुल भाऊ, शुभांगी, थँक्यू 🙏

मोहोड काकाजी ए-१०१: सर्व्हिस चार्ज लावला का?

वर्षा बी-३०४: पोह्याच्या टपरीवर, काकाजी?

जोशी काकू ए-२०१: लिफ्टमध्ये लाल तेल कोणी सांडलं आहे? बटणांखालून धार गेली आहे, तिसऱ्या मजल्यावर ठिपके.

वर्षा बी-३०४: *हा मेसेज डिलीट केला गेला*

राहुल बी-४०२: मी वाचला.

जोशी काकू ए-२०१: मीही वाचला. पिशवी गळली तर गळली, पण पुसायला नको? माझी पांढरी साडी आहे.

वर्षा बी-३०४: काकू चुकलं. कागदानं पुसलं, पण तेल आहे न, पसरूनच राहिलं. साबण-पाणी लागेल.

जोशी काकू ए-२०१: मग घ्या की पाणी.

वर्षा बी-३०४: कुठून?

वानखेडे सेक्रेटरी: टाकी सफाई सुरू आहे. दुपारी ४ पर्यंत पाणी बंद. सहकार्य करावे 🙏