मदत हवी आहे: देवबागच्या मुखाशी ओहोटीत शिसं थांबत नाही

सुट्टीत घरच्यांसोबत देवबागला मुक्काम आहे. कर्ली खाडीच्या मुखावर काठावरून मासे गरवताना ओहोटीला जोर चढला की 60 ग्रॅमचं गोल शिसं (दोरीचं वजन) वाळूवरून गडगडत काठाला लागतं आणि दोरीला पीळ पडतो. सामान: 10 फुटी रॉड, 4000 चं रील, 0.35 मिमी मोनो (एकेरी नायलॉन दोरी).

जाड मोनोला प्रवाह जास्त ओढणारच. म्हणून 0.20 मिमी ची ब्रेड (विणलेली बारीक दोरी), वाळूत रुतणारे तारेचे पाय असलेलं 90 ग्रॅमचं शिसं आणि पुढे 30 पौंडी लीडर, म्हणजे झोक्याचा ताण घेणारा जाड दोरीचा तुकडा (दर 30 ग्रॅमला 10 पौंड), असा विचार आहे. पण रॉडवर फेकायचं वजन 40 ते 80 ग्रॅम लिहिलंय. झोका अर्धाच दिला तर चालेल, की अष्टमीच्या आसपास, भांगाची (लहान भरती-ओहोटीची) ओढ कमी असताना, 60 वरच भागवावं?

मुलांना मुखापासून लांब, पुळणीवर बसवणार. तिथे मुडदुशा या लहान माशांसाठी 10 नंबरचा गळ, 30 ग्रॅम शिसं, कोलंबीचा नखाएवढा तुकडा. सोललेली कोलंबी लाटेत सुटून जाते. शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळावी की सालासकट लावावी? शिंगाळा (विषारी काट्यांचा मासा) लागला तर हात न लावता सोडवायला लांब पक्कड आहेच.

आणि पायांचं शिसं मालवणात तयार मिळतं, की शिसं ओततानाच तार घालून घरी करावं?