कॅज्युअल्टीत न्यूज-२ स्कोअर (श्वास, नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुद्ध यांना पॉइंट देऊन पेशंट किती गंभीर ते सांगणारा) कोणी वापरतं का?

आमच्याकडे रात्री गर्दी झाली की ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याला आधी बघतात आणि सेप्सिसचा (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागलेला) शांत पडलेला पेशंट मागे राहतो, फार वाईट वाटतं. ट्रायाजला (कोणाला आधी बघायचं ते ठरवताना) स्कोअर लावू का?

> लावाच. ५ झाला की डॉक्टरांना लगेच बोलवायचं, ७ किंवा वर म्हणजे इमर्जन्सी. पण मिनिटाला श्वास किती ते खरंच मोजा हो, सगळे १८ लिहून मोकळे होतात, आणि २५ झाला की एकट्या श्वासाचेच ३ पॉइंट.

> स्कोअर शून्य म्हणजे पेशंट सेफ असं नाही, हार्ट अटॅकमध्येही शून्य येऊ शकतो, छातीत दुखतंय तर ईसीजी आधी. १६ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांना हा वापरू नका.

> सीओपीडीत (फुप्फुसाचा जुनाट आजार) कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ऑक्सिजनची ८८-९२ टक्के वाली वेगळी स्केल. आणि वेटिंगमधल्यांचा परत मोजा, वाढत जाणारा स्कोअर जास्त महत्त्वाचा.