मदत हवी आहे : आमवात आणि कसुतीचे भरतकाम
मी खानापूर तालुक्यात राहते. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमुळे (आमवातामुळे) बंद पडलेले कसुतीचे, म्हणजे कापडाचे धागे मोजून करायचे कर्नाटकी भरतकाम, आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या औषधाने सूज आटोक्यात आल्यामुळे आणि डॉक्टरांचीही हरकत नसल्याने, पुन्हा सुरू करण्याचा माझा विचार आहे. सकाळी बोटे आखडलेली असतात, म्हणून करून पाहायला दुपारीच बसते. गवंती आणि मुरगी हे टाके जमतात; मात्र इरकली साडीचे धागे मोजत बारीक सुई चिमटीत धरून ठेवली की बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आणि मनगट ठणकू लागते. (नेगी या विणल्यासारख्या दिसणाऱ्या टाक्याचे मोठे काम तूर्त मनातही आणत नाही.) भरतकामाची रिंग हातात धरावी लागू नये यासाठी टेबलाला अडकवायचा स्टँड बेळगाव किंवा निपाणीत कोठे मिळतो आणि सुईची पकड जाड कशी करावी, हे स्वतः वापरून पाहिलेल्यांनी कृपया सांगावे. लेप आणि काढे सुचवू नयेत. ते शेजारणींनी सुचवून झाले आहेत.