हातात करंट गेला, तर त्याच सामन्यात पुन्हा उतरवावे का?

मध्यरक्षक: कबड्डीत डॅश बसून चढाईपटू खांद्यावर आपटतो, मान विरुद्ध बाजूला ताणली जाते आणि खांद्यापासून बोटांपर्यंत करंट गेल्यासारखी आग होते. रग्बी व अमेरिकन फुटबॉलमध्ये हा ‘स्टिंगर’ सर्वांच्या परिचयाचा आहे; आपल्याकडे मात्र हात झटकायला लावून खेळाडूला पुढच्या चढाईला पाठवतात. माझ्या मते त्याला त्या दिवशी पुन्हा उतरवूच नये. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचा वरचा भाग यात ताणला किंवा दबला जातो, आणि आग मिनिटाभरात शमली तरी हात बाजूला उचलण्याची ताकद काही तासांनीही घटू शकते.

खेळ_फिजिओ: सरसकट बंदी मला पटत नाही. पहिलाच झटका असेल, झिणझिण्या पूर्ण थांबल्या असतील, मान सगळीकडे न दुखता वळत असेल आणि ताकद दोन्ही हातांत सारखी असेल, तर त्याच सामन्यात परतणे वैद्यकीयदृष्ट्या मान्य आहे. ताकद पाहताना नुसती मूठ आवळायला लावू नये, कारण पकड बहुधा शाबूत राहते. हात खांद्याच्या उंचीला धरून वरून दाबावा, कोपर वाकवून ओढून पाहावे. बंदी घातली, तर पोरे त्रास लपवतील, ही माझी खरी भीती आहे.

मध्यरक्षक: ही तपासणी तालुका पातळीवर रात्रीच्या सामन्यात करणार कोण? टाइम-आउट ३० सेकंदांचा, फिजिओ नाही, आणि निर्णय ज्याच्या हाती तो प्रशिक्षक तीन गुणांनी मागे असतो. लपवण्याची भीती खरी आहे, पण ती खेळाडूशी बोलून कमी करावी लागेल. त्यासाठी नियम सैल ठेवणे मला मान्य नाही.

जुना_पंच: मी नियमाच्या बाजूने आहे. अमेरिकेत शालेय व महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९७६ साली डोके पुढे करून धडक देण्यावर बंदी आली आणि मानेच्या दुखापतीतून येणारे कायमचे अपंगत्व लक्षणीयरीत्या घटले. तो बदल नियमाने घडवला. एकेकाच्या समजुतीवर सोडला असता, तर घडला नसता.

खेळ_फिजिओ: ती बंदी धडक देण्याच्या पद्धतीवर होती, झटका बसलेल्याच्या परतण्यावर नव्हे, म्हणून तो दाखला इथे पुरता लागू होत नाही. तपासणारा जाणकार हजर नसेल तिथे खेळाडूला बाहेर ठेवावे, एवढे मी मान्य करतो. मात्र झिणझिण्या दोन्ही हातांत किंवा पायांत आल्या, तर तो स्टिंगर समजूच नये. मज्जारज्जूला इजा असू शकते. तेव्हा खेळाडूला बसते न करता मान स्थिर धरून रुग्णवाहिका बोलवावी, आणि सामना थांबला तरी चालेल.