नॉर्थगार्ड खेळणाऱ्यांनो, तुमचे हिवाळे कसे गेले? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. परवा दुसऱ्याच एका गेमबद्दल बोलताना नॉर्थगार्डचा विषय निघाला आणि बरेच जण म्हणाले की आम्ही तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवलेला, होता तेव्हापासून खेळतोय, म्हणून म्हटलं वेगळा धागाच काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हायकिंगांचं एक कुळ नव्या भूमीवर उतरतं आणि तिथे वस्ती करून तगून राहायचं, असा हा गेम. फ्रान्समधल्या बोर्दोच्या शिरो गेम्सने बनवलाय. स्टीमवर (संगणकावरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) अर्ली ॲक्सेसमध्ये आला २२ फेब्रुवारी २०१७ ला, आणि पूर्ण होऊन बाहेर पडला ७ मार्च २०१८ ला. प्रकार रिअल-टाइम स्ट्रॅटेजीच, म्हणजे पाळी न घेता सतत चालणारा डावपेचांचा खेळ, पण संथ. नकाशा झोनमध्ये वाटलेला, प्रत्येक झोनमध्ये ठरावीकच इमारती बसतात, नवा झोन घ्यायचा तर अन्न मोजावं लागतं आणि पुढचा झोन दरवेळी आणखी महाग. माणसं आपण बटण दाबून बनवायची नाहीत, वस्तीत लोक खूश असले तर ती आपोआप येत राहतात. आणि गेममधला डिसेंबर लागला की हिवाळा. मला हा गेम आवडतो तो या हिवाळ्यासाठीच. तुम्ही कोणतं कुळ घेता, हिवाळा कसा काढता, संथपणा आवडला की कंटाळा आला, सगळं मोकळेपणाने लिहा.

•••

मस्त धागा! मी मूळची गुहागरकडची, आता पुण्यात. आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात करायची, लाकूडफाटा पडवीत, सुकट डब्यात, कोकमं, तांदूळ, सगळं पाऊस लागायच्या आत घरात आलं पाहिजे. या गेममध्ये तेच चालतं म्हणून मला तो पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला.

हिवाळ्यात अन्न कमी पिकतं आणि सरपण मात्र जास्त जळतं, म्हणजे मार दोन्हीकडून. माझी पद्धत सांगते. ऑक्टोबरपर्यंत झोन घ्यायचे ते घेऊन टाकायचे, त्यानंतर अन्न कशावरही खर्च करायचं नाही. वर पट्टीत अन्नाचा आकडा असतो आणि त्याच्याशेजारी दर महिन्याला किती वाढतंय किंवा घटतंय तो आकडा, मी नोव्हेंबरात फक्त तो दुसरा बघते. तो अगदी काठावर असेल तर हिवाळ्यात उणे जाणार हे नक्की, मग टेहळ्यांना परत बोलवून एकाला शिकारीला आणि एकाला लाकडाला लावायचं. नकाशा बघायला काय, मार्चमध्येही बघता येतो. एका डावात थंडीतच उंदीर झाले, कोठारातलं अन्न भराभर संपायला लागलं, माणसं आजारी पडली. तेव्हा वैदूची झोपडी आधीपासून उभी होती म्हणून वस्ती वाचली. तेव्हापासून वैदू मी कधीच पुढे ढकलत नाही, कोणी काही म्हणो.

आणखी एक गोष्ट आवडते ती म्हणजे संकट यायच्या आधी वर खूण दिसते. हिमवादळ येणार, भूकंप होणार, उंदीर येणार. आधी कळतं म्हणून निर्णय तुमचा. रोजच्या जगण्यात इतकी सवड कुठे मिळते.

•••

आम्ही कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासावर पैसे भरून एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचो, तिथे सगळा खेळ हाताच्या वेगाचा. ज्याची बोटं जलद तो जिंकणार. नॉर्थगार्डमध्ये माणसंच कमी, त्यामुळे एकाला शेतावरून काढून योद्धा केला की ताटात लगेच फरक पडतो. दहा जण मेले तर तिकडे काही वाटत नसे, इथे दोन योद्धे लांडग्यांनी फाडले तरी डाव सावरायला वेळ लागतो. मला लांडगा कुळ जमतं, कारण त्यांची माणसं शत्रू मारूनच खूश होतात. माझा अनुभव एवढाच.

•••

मंडळी, मी बँकेतून निवृत्त झालोय, वय सांगत नाही, पण बोटांचे सांधे दुखतात हे सांगतो. भाच्याने स्टीम टाकून दिलं आणि म्हणाला मामा हा बघा, यात घाई नाही. खरंच नाही. सकाळचा चहा झाला की एक डाव लावतो. मला लढाईत रस नाही आणि या गेमची मोठी गोष्ट ही की लढल्याशिवायही जिंकता येतं, व्यापाराने जिंकता येतं, ज्ञानानेही जिंकता येतं. मी व्यापाराकडे जातो, पेढ्या वाढवतो, नाणी साठवतो. शेजारी राक्षसांची वस्ती म्हणजे जोटुन असले तर त्यांच्याशी चांगले संबंध ठेवतो. ज्यांना वाटतं की संगणकावरचे खेळ पोरांसाठीच असतात त्यांनी हा जरूर बघावा.

•••

मामांचा अनुभव वाचून फार बरं वाटलं. मी कोपनहेगनला राहते, नोकरीसाठी आले आणि गेम इथे आल्यावर सुरू केला. जवळच रोस्किल्डला व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय आहे. अकराव्या शतकात शत्रूची वाट अडवायला फ्योर्डच्या (समुद्राची आत शिरलेली अरुंद खाडी) पाण्यात मुद्दाम बुडवलेली पाच जहाजं १९६२ मध्ये तिथून बाहेर काढली, ती ठेवलीयेत. मला वाटलं होतं पाचही लढाऊ असतील. तसं नाहीये, त्यात मालवाहू जहाजंही आहेत, एक छोटी बोट तर मासेमारीची. सगळ्यात लांब जे आहे, जवळपास तीस मीटर, ते डब्लिनजवळ १०४२ च्या सुमारास बांधलेलं आहे हे लाकडावरून कळलं. त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधून ती २००७ मध्ये रोस्किल्डहून डब्लिनला वल्हवत आणि शिडावर नेली आणि पुढच्या वर्षी परतही आणली. मी त्या फळ्यांसमोर उभी होते तेव्हा लक्षात आलं की एवढ्या माणसांना वल्ह्यावर बसवायचं म्हणजे तेवढी माणसं शेतातून उठणार, आणि मागे राहिलेल्यांनी सुगी आटपायची. गेममध्ये मी नेमका हाच हिशोब करत असते.

व्हायकिंग म्हटलं की ७९३ चा लिंडिसफार्नच्या मठावरचा हल्ला आठवतो सगळ्यांना, पण त्या लोकांतले बहुतेक शेती, गुरं आणि मासे यांवरच जगत होते. गेमने ती बाजू पुढे आणली म्हणून मला त्याच्याबद्दल खरा आदर आहे.

कुळांची नावंही उगाच ठेवलेली नाहीत. बकरी कुळ हायड्रुनचं, ती नॉर्स (व्हायकिंगांच्या) कथांमधली शेळी, वाल्हालाच्या, म्हणजे ओडिन देवाच्या महालाच्या, छपरावर उभी राहून झाडाची पानं खाते आणि तिच्या आचळातून दुधाऐवजी मीड, म्हणजे मधाचं मद्य येतं. हरिण कुळ आइकथिर्निरचं, तोही त्याच छपरावर, त्याच्या शिंगांवरून गळणाऱ्या थेंबांतून नद्या निघतात. कावळा कुळ ओडिनच्या हुगिन आणि मुनिन या कावळ्यांचं. ही माहिती काढून मग खेळले तर जास्त मजा आली. बकरी कुळ घ्या, मेंढ्यांमुळे सुरुवात सोपी जाते.

•••

अर्ली ॲक्सेसबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी प्रोग्रामर आहे, गेम घेतला तो खरं तर बनवणाऱ्यांमुळे. शिरोच्या संस्थापकांपैकी एक निकोला कानास, त्यांनीच हॅक्स ही प्रोग्रामिंगची भाषा बनवली आणि नॉर्थगार्ड त्याच भाषेत लिहिलाय. सुरुवातीला होती फक्त तीन कुळं, हरिण, बकरी आणि लांडगा, आणि एकट्यानेच संगणकाविरुद्ध खेळायचं. मल्टिप्लेअर नंतर आलं. कावळा, अस्वल आणि रानडुक्कर ही कुळं नंतर आली. रिगची कथा, ज्याच्या बापाला मारून राजशिंग पळवलं जातं ती अकरा प्रकरणांची मोहीम, ती तर पूर्ण आवृत्तीबरोबर.

लोक म्हणतात अर्धवट गेमला पैसे का द्यायचे. माझं मत असं की जे आज आहे तेवढ्यासाठी पैसे द्यावेसे वाटत असतील तरच द्या, पुढे काय येणार या आशेवर देऊ नका. इथे तीन कुळांतच माझी हौस फिटली होती, नंतरचं सगळं वरकड. आणि दर मोठ्या अपडेटनंतर जुनं गणित बदलायचं, जी चाल काल हमखास होती ती आज चालायची नाही, मग पुन्हा वाचा, पुन्हा बसवा. ते दिवस मला फार आवडले. आता गेम स्थिर झालाय तरी मी तेव्हाचा काळ जास्त मनापासून आठवतो.

•••

थोडं विरुद्ध बोलतो. पहिली तीन वर्षं (गेममधली) अप्रतिम, प्रत्येक लाकूड मोजून वापरायचं. पण एकदा वस्ती सावरली की शेवटचा भाग ओढल्यासारखा वाटतो, जिंकणार हे कळलेलं असतं आणि तरी बसून राहावं लागतं. संथपणा मला हवाय, पण त्यात शेवटपर्यंत धाकधूक हवी.

•••

@वरचे, यासाठी नकाशात हेल्हाइमचं (मृतांच्या जगाचं) दार किंवा इग्द्रासिल हा विश्ववृक्ष असलेला डाव लावून बघा, तिथून जिंकायचं तर शेवटी सगळं पणाला लावावं लागतं. आणि अस्वल कुळाबद्दल अजून कोणी नीट लिहिलंच नाही! त्यांना थंडी इतरांएवढी बाधत नाही, म्हणजे बाकीचे सरपण मोजत घरात बसलेले असताना तुम्ही कामं चालू ठेवू शकता. बाकी कुळांना मात्र माझं एकच सांगणं, हिवाळ्यात परक्या मुलखात योद्धे पाठवू नका, तिथे त्यांचा जोर कमी पडतो. फेब्रुवारी संपू द्या, मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघा, समोरच्याचं कोठार तेव्हा रिकामं असतं.