बारावीला भौतिक, रसायन, गणितात मिळून 118 गुण. अभियांत्रिकीचा मार्ग अजून उरला आहे का?

प्रश्न : बार्शीचा विद्यार्थी

सर्वांना नमस्कार. मी या वर्षी राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो. भौतिकशास्त्रात 41, रसायनशास्त्रात 42 आणि गणितात 35, म्हणजे तिन्ही विषयांत मिळून 300 पैकी 118 गुण आहेत. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेत मात्र 81 पर्सेंटाईल मिळाले. सीईटीचा निकाल आला त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले, आणि प्रवेशाची माहितीपुस्तिका वाचल्यावर कळले की खुल्या प्रवर्गासाठी या तीन विषयांत 45 टक्के, म्हणजे 135 गुण लागतात. राखीव प्रवर्गाची 40 टक्क्यांची अटही माझ्या गुणांत बसत नाही.

दोन वर्षे मी फक्त सीईटीच्या क्लासला गेलो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव होते, पण तास जवळजवळ केलेच नाहीत. रोज शंभर-दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचो, पण तीन तास बसून एकही उत्तरपत्रिका लिहिली नव्हती. गणिताच्या परीक्षेत उत्तर येत असूनही पायऱ्या मांडता येईनात. ती चूक माझीच आहे.

वडील शिलाईकाम करतात. एका मध्यस्थाने त्यांना सांगितले आहे की दीड लाख रुपये वर दिल्यास व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, प्रवेश ‘बसवून’ देता येईल, आणि त्यासाठी ते मशीन गहाण ठेवायला निघाले आहेत. हे खरे असू शकते का? आणि श्रेणीसुधार (गुण वाढवण्यासाठी बारावीची परीक्षा पुन्हा देणे) व डिप्लोमा यांपैकी मी काय निवडावे?

उत्तर : तंत्रनिकेतनातील निवृत्त अधिव्याख्याता

आधी वडिलांना थांबव, बाकीचे आपण नंतर बोलू. व्यवस्थापन कोट्यातील जागेलाही किमान गुणांची अट लागू असते. कोटा बदलला की प्रवेश देण्याची पद्धत बदलते, पात्रता बदलत नाही. संस्थेने प्रवेश दिला तरी त्याला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि अपात्र उमेदवाराचा प्रवेश तिथे अडकतो. तोवर पैसे दिलेले असतात आणि वर्षही गेलेले असते.

तुझी गफलत झाली ती पात्रता आणि गुणवत्ता यांत, आणि ती दरवर्षी असंख्य मुलांची होते. प्रथम वर्ष अभियांत्रिकीत गुणवत्ता यादीतील क्रमांक सीईटीवरून ठरतो. बारावीचे गुण केवळ दार उघडण्यापुरते लागतात, पण ते दार उघडले नाही तर 81 काय आणि 99 काय, पर्सेंटाईलचा उपयोग होत नाही.

आता मार्गांविषयी. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला पदविकेच्या, म्हणजे डिप्लोमाच्या, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि तिथे 45 टक्क्यांची अट नाही, उत्तीर्ण असणे पुरते. दोन वर्षांत पदविका पूर्ण केलीस की पुन्हा थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला अर्ज करता येतो. तिथे सीईटी नसते, पदविकेच्या गुणांवर यादी लागते. मंजूर प्रवेशक्षमतेच्या 10 टक्के जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा या मुलांना मिळतात.

कागदावर हिशेब मांडून पाहा. श्रेणीसुधाराचे एक वर्ष आणि अभियांत्रिकीची चार, अशी पाच वर्षे होतात. पदविकेची दोन आणि पदवीची तीन, हीही पाचच. दुसऱ्या मार्गात दोन वर्षांनी हातात एक पूर्ण पदविका असते, आणि घरची परिस्थिती कठीण असताना तिला मोल आहे, कारण तिच्यावर नोकरी लागते. माझा कौल पदविकेला आहे.

उत्तर : याच वाटेने गेलेला

सरांचे म्हणणे मला पटते, कारण मी स्वतः बारावीनंतर यांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला गेलो होतो, पण त्यातला अवघड भागही तुला ठाऊक असावा. वर्गातली इतर मुले एक वर्ष आधीपासून तिथे असतात. त्यांनी अभियांत्रिकी आरेखन केलेले असते, कार्यशाळेत कानस घासून जॉब तयार केलेला असतो, आणि आपण प्रवेशफेऱ्या संपवून उशिरा पोहोचतो. पहिल्याच आठवड्यात सरांनी लोखंडी ठोकळ्याचे चित्र दिले आणि त्याची समोरची, वरची व बाजूची दृश्ये काढायला सांगितली. शेजारचा मुलगा मिनी ड्राफ्टर लावून रेषा मारत होता आणि मला तो ड्राफ्टर शीटवर कसा बसवायचा हेही माहीत नव्हते. मी त्याच्याकडून पहिल्या वर्षाच्या शीट घेतल्या आणि महिनाभर रोज रात्री एक याप्रमाणे त्या पुन्हा काढल्या. प्रात्यक्षिकांच्या मॅन्युअलवर दर आठवड्याला सरांची सही घेतली, सबमिशनच्या दिवसासाठी काहीही साठवून ठेवले नाही.

पदवीला गेल्यावर गणिताची कसोटी पुन्हा लागते, कारण तिथली बहुसंख्य मुले प्रथम वर्षाचे गणित करून आलेली असतात. तुझी सीईटीची तयारी झालेली असल्याने तुला ते माझ्याइतके जड जाणार नाही. शाखा मात्र विचार करून निवड. केवळ जागा मिळते म्हणून कोणतीही घेऊ नकोस.

उत्तर : एक आई, सोलापूर

माझ्या मुलीने श्रेणीसुधाराचा मार्ग घेतला होता, म्हणून दुसरी बाजू लिहिते. श्रेणीसुधारासाठी सर्व विषय घेऊन परीक्षेला बसावे लागते. फक्त गणित आणि भौतिकशास्त्र देऊन चालत नाही, इंग्रजीचाही अभ्यास नव्याने करावा लागतो. सीईटीही त्या वर्षी पुन्हा द्यावी लागते. दिलासा एवढाच की नवे गुण कमी पडले तरी जुनी गुणपत्रिका कायम राहते.

तुझ्याबाबतीत एक गोष्ट मला आशादायक वाटते. तुला विषय येतो, लिहिता येत नाही. भौतिकशास्त्राच्या 70 गुणांच्या पत्रिकेत बहुपर्यायी प्रश्न 10 गुणांचे असतात आणि 52 गुण दोन, तीन व चार गुणांच्या लेखी प्रश्नांना असतात. माझ्या मुलीचीही अडचण हीच होती. आम्ही दर रविवारी सकाळी अकरा ते दोन घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घेतली आणि तिच्या जुन्या शिक्षिकेने ती लाल शाईने तपासून दिली. पहिल्या तीन पत्रिकांत वेळ पुरला नाही, चौथीत पुरला. एका वर्षात तिन्ही विषयांत मिळून तिचे 64 गुण वाढले. तुला 17 हवे आहेत.

मात्र घरी बसून वर्ष काढणे मनाला फार जड जाते. मैत्रिणी महाविद्यालयात जात असताना ती दुपारी दार लावून बसायची. ते सोसण्याची तयारी आणि घरच्यांची साथ असेल तरच हा मार्ग घ्यावा.

पुन्हा : बार्शीचा विद्यार्थी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सरांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी मध्यस्थाला नकार कळवला आणि मशीन घरातच आहे. पाच वर्षांचा हिशेब त्यांना लगेच पटला. मी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी विद्युत अभियांत्रिकीला पहिली पसंती देण्याचे ठरवत आहे. पदविका करत असताना श्रेणीसुधाराची परीक्षाही द्यावी का?

उत्तर : तंत्रनिकेतनातील निवृत्त अधिव्याख्याता

देऊ नकोस. फेब्रुवारी-मार्चची बारावीची परीक्षा आणि पदविकेचे चालू सत्र एकमेकांवर येतील, आणि आरेखन भरून काढण्याचा वेळ त्यातच जाईल. तुझी पुढची यादी पदविकेच्या गुणांवर लागणार आहे, तेव्हा सगळी ताकद तिथेच लाव. अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आजच तहसील कार्यालयात मागून ठेव, कारण शुल्कसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते. विद्युतचा पहिला विषय सुरू झाला की इथेच विचार, मी रोज संध्याकाळी पाहतो.